राष्ट्रपती निवडून आले, दावे मागे उरले

नागपूर जिल्ह्यातल्या हिंगण्याच्या आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५ आहे. विधानसभेत तो हात वर करतो तेव्हा त्याचे मत एकच धरले जाते. राष्ट्रपती निवडताना मात्र तोच आमदार मुंबईच्या विधानभवनात कागदी मतपत्रिकेवर १, २, ३ असे पसंतिक्रम लिहितो आणि त्या एका कागदाची १७५ मते होतात. हिशेब सरळ आहे. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागायचे, आलेल्या आकड्याला पुन्हा हजाराने भागायचे, की उरतात १७५. दरम्यान हिंगण्याच्या एमआयडीसीत कारखाने वाढले, वानाडोंगरीला नगरपरिषद आली, मेट्रो हिंगणा रोडवरून लोकमान्य नगरापर्यंत आली. पण राष्ट्रपतींच्या मतपेटीपुरता हा सगळा मुलूख १९७१ मध्येच थांबलेला आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसंख्येचा तो आकडा गोठवला आणि ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.

हिंगणा हा विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत आला आणि २००९ मध्ये त्याने पहिला आमदार निवडला. त्यामुळे हिंगण्याचा आमदार म्हणून राष्ट्रपतिपदासाठी पहिले मत द्यायची वेळ आली ती १९ जुलै २०१२ रोजी. प्रणव मुखर्जी विरुद्ध पी. ए. संगमा अशी ती लढत होती. मुखर्जींना ७,१३,७६३ आणि संगमांना ३,१५,९८७ मते मिळाली. फरक इतका मोठा, की मोजणीवर बोट ठेवायला जागाच नव्हती. तरीही संगमा सर्वोच्च न्यायालयात गेले.

हिंगण्याला असा दावा नवा होता, नागपूरला नव्हता. राष्ट्रपतींच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयाचे दार अगदी सुरुवातीच्या काळात ठोठावले ते नागपूरच्याच एका डॉक्टरांनी. पुढे १९६९ मध्ये निकाल दुसऱ्या पसंतीच्या मतांवर गेला. आजवर असे एकदाच घडले आहे. त्या दिवशी राष्ट्रपती भवनात हंगामी राष्ट्रपती म्हणून बसले होते ते नागपूर उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश. आणि ज्यांच्या मतपत्रिका पुन्हा वाचून निकाल लावावा लागला, ते मराठी उमेदवार वीस वर्षे मध्य प्रांताच्या सरकारी सेवेत होते.

पहिले डॉ. नारायण भास्कर खरे. जन्म १८८४ चा, पनवेलचा. सगळी कारकीर्द नागपूरची. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, त्याचे ते पंतप्रधान. तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत. वर्षभरात महाकोशलच्या रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी त्यांचे बिनसले. जुलै १९३८ मध्ये खऱ्यांनी राजीनामा दिला, जे सहकारी राजीनामा देईनात त्यांना गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांच्याकरवी दूर केले आणि लगेच दुसरे मंत्रिमंडळ बनवले. काँग्रेस श्रेष्ठींना हे खपण्यासारखे नव्हते. वर्ध्यात कार्यसमिती बसली, खऱ्यांना पायउतार व्हावे लागले आणि महिनाअखेरीस शुक्ल त्यांच्या जागी आले. काँग्रेस सुटली ती कायमची. नंतर खरे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, अलवार संस्थानाचे पंतप्रधान झाले, हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले, पहिल्या लोकसभेत ग्वाल्हेरचे खासदार म्हणून बसले.

न्यायालयाची पायरी त्यांना अनोळखी नव्हती. १९५० मध्ये दिल्लीच्या प्रशासनाने त्यांना शहरातून हद्दपार केले, तेव्हा घटना लागू होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. फिरण्याच्या मूलभूत हक्कावर घाला आला म्हणून खरे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बहुमताने हरले. तो निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्याला वाचावा लागतो.

सात वर्षांनी त्यांनी हात घातला तो थेट राष्ट्रपतींच्या निवडणुकीला. १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली होती. पण हिमाचल प्रदेशात आणि पंजाबच्या काही मतदारसंघांत मतदान अजून बाकी होते. इकडे राष्ट्रपतिपदाचे मतदान ६ मे रोजी ठरले. विदर्भाच्या दृष्टीने ही निवडणूक आणखी एका कारणाने वेगळी होती. १९५२ मध्ये नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी, त्यामुळे इथल्या आमदारांनी पहिला राष्ट्रपती नागपुरातच मत देऊन निवडला. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९५७ पासून त्यासाठी मुंबईची गाडी पकडावी लागली.

खऱ्यांचा मुद्दा सोपा होता आणि बिनतोडही वाटत होता. राष्ट्रपतींना निवडते ते संसदेच्या आणि विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांचे मंडळ. त्या मंडळातल्या काही जागाच भरलेल्या नसतील, तर अपुऱ्या मंडळाने केलेली निवड पुरी कशी? घटनेच्या ७१व्या अनुच्छेदात राष्ट्रपतींच्या निवडणुकीबद्दलच्या ‘शंका आणि वाद’ सर्वोच्च न्यायालयाने मिटवावेत असे म्हटले आहे. मग मतदान व्हायच्या आधीच ही शंका मिटवावी, अशी त्यांची मागणी होती.

सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांच्या पीठाने ती मान्य केली नाही. निवडणूक म्हणजे केवळ मतदानाचा दिवस नव्हे. अधिसूचनेपासून उमेदवार विजयी घोषित होईपर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक. ती पुरी झाल्याशिवाय न्यायालय त्यात पडणार नाही. मतदान ठरल्या दिवशी झाले आणि डॉ. राजेंद्रप्रसाद ४,५९,६९८ मते घेऊन दुसऱ्यांदा राष्ट्रपती झाले. बाकीच्या दोघांची मते नावापुरती होती.

निवडणूक पुरी झाली, तेव्हा खरे पुन्हा न्यायालयाच्या दारात. या वेळी अडले ते दाराच्या उंबऱ्यावर. १९५२ च्या राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणूक कायद्याप्रमाणे याचिका एकतर उमेदवाराने करायची, नाहीतर मंडळातल्या दहा मतदारांनी मिळून. खरे उमेदवार नव्हते आणि सोबत दहा मतदारही नव्हते. नागरिकाचा हक्क, घटनेचा शब्द, असे युक्तिवाद झाले. न्यायालयाने सांगितले, की निवडणुकीला उभे राहण्याचा किंवा तिला आव्हान देण्याचा हक्क जन्मसिद्ध नाही. कायदा देईल तेवढाच तो आहे, आणि कायदा करायचा अधिकार घटनेनेच संसदेला दिला आहे.

पहिल्या वेळी लवकर आलात, दुसऱ्या वेळी एकटे आलात. मूळ प्रश्नाचे उत्तर दोन्ही वेळा मिळाले नाही. ते चार वर्षांनी संसदेने दिले. १९६१ च्या अकराव्या घटनादुरुस्तीने ७१व्या अनुच्छेदात एक कलम वाढवले: निर्वाचक मंडळात कोणत्याही कारणाने जागा रिकामी असली, तरी त्या कारणावरून राष्ट्रपतींच्या निवडीला आव्हान देता येणार नाही. खऱ्यांनी दाखवलेली फट अशी बुजली. तिची कसोटी पुढे १९७४ मध्ये लागली. गुजरातची विधानसभा विसर्जित झालेली असताना राष्ट्रपतींची निवडणूक घ्यायची की थांबायचे, असा सल्ला सर्वोच्च न्यायालयाकडे मागण्यात आला. विधानसभा नसली तरी मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले.

खऱ्यांच्या दाव्यात मोजणीचा प्रश्नच नव्हता. आकड्यांनी खरा घाम फोडला तो १९६९ मध्ये.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. पण त्यांना स्वतःला उभे राहायचे होते, म्हणून २० जुलैला त्यांनीही पद सोडले. राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, अशी वेळ येऊ शकते हे घटनाकारांनी पुरते धरले नव्हते. संसदेने मे महिन्यातच एक कायदा घाईने करून ठेवला होता, त्यानुसार सरन्यायाधीश राष्ट्रपतींचे काम पाहू लागले. ते सरन्यायाधीश म्हणजे मोहम्मद हिदायतुल्ला.

हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, केंब्रिजला शिकून बॅरिस्टर होऊन आले आणि १९३० मध्ये नागपुरातच वकिली सुरू केली. इथेच सरकारी वकील, महाअधिवक्ता, १९४६ मध्ये न्यायाधीश आणि १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश अशी त्यांची चढण झाली; नागपूर विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेचे ते अधिष्ठाताही होते. राज्यपुनर्रचनेत ते उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि त्याच्याबरोबर हिदायतुल्लाही. २० जुलै ते २४ ऑगस्ट १९६९ एवढ्या पाच आठवड्यांत त्यांनी राष्ट्रपती म्हणून बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सही केली, दिल्लीला आलेले अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा पाहुणचार केला आणि शेवटी नव्या राष्ट्रपतींच्या हाती कारभार सोपवला.

तो नवा राष्ट्रपती कोण, यावरून काँग्रेस फुटीच्या काठावर होती. बेंगळुरूच्या संसदीय मंडळात पक्षातल्या जुन्या नेत्यांच्या ‘सिंडिकेट’ने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते. यशवंतराव चव्हाणांनी मत टाकले ते रेड्डींच्या बाजूने. पुढे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली: तुमचा उमेदवार तुम्ही उभा करा, पण दुसरी पसंती रेड्डींना द्या. हे बाहेर आले आणि इंदिरा गांधींच्या गटाला निमित्त मिळाले. सदसद्विवेकाला स्मरून मत द्या, असे आवाहन झाले. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही आणि मतदान गुप्त असते, म्हणून ते आवाहन पोकळ नव्हते.

जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा तो उमेदवार म्हणजे चिंतामणराव देशमुख. आयसीएसच्या परीक्षेत पहिले आलेले, नेमणूक मध्य प्रांत-वऱ्हाडात. जमाबंदीपासून अर्थखात्यापर्यंतची कामे करीत त्यांनी १९३९ पर्यंतचा काळ त्याच प्रांतात घालवला आणि मग ते रिझर्व्ह बँकेत गेले. बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ मध्ये राजीनामा फेकणारे. मराठी माणसाला त्यांची ओळख मुख्यतः त्या राजीनाम्याची. १९६९ मध्ये ते जिंकतील असे कोणी मानत नव्हते. पण निकालाची किल्ली त्यांच्या गठ्ठ्यात होती.

१६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मोजणी झाली. उमेदवार होते १५. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. उरलेल्यांत दलित चळवळीतले मराठी नेते पांडुरंग नथुजी राजभोज यांना ८३१ मते होती. एका उमेदवाराची बेरीज नेमकी ५७६ होती, म्हणजे त्या वेळच्या एका खासदाराच्या मताएवढी. पाच जणांच्या नावापुढे शून्य. एकूण वैध मते ८,३६,३३७. निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ४,१८,१६९ हा कोटा. गिरी पुढे होते, पण कोट्याला साडेसोळा हजार कमी.

मग सुरू झाली वजाबाकी. ज्याची मते सगळ्यांत कमी तो बाद; त्याच्या मतपत्रिका उघडून पुढची पसंती ज्याला असेल त्याच्या गठ्ठ्यात टाकायच्या. असे करत करत सरतेशेवटी देशमुख बाद झाले आणि त्यांचा लाखभराचा गठ्ठा वाटला गेला. बाद झालेल्या सगळ्यांची मिळून १,२१,२७४ मते होती. त्यांतली ९१,८७९ रेड्डींकडे गेली आणि गिरींकडे फक्त १८,५६२. निजलिंगप्पांचा बेत बव्हंशी फळला होता. उरलेल्या १०,८३३ मतमूल्याच्या कागदांवर पुढची पसंतीच नव्हती, ते बाजूला पडले. शेवटचा आकडा: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५० चा. खासदाराचे मत ५७६ चे असताना तेरा खासदारांनी हात आखडून दुसऱ्या बाजूला टाकला असता, तर राष्ट्रपती वेगळा झाला असता.

एवढ्या काठावरचा निकाल कोर्टात जाणार हे ठरलेलेच होते. चार याचिका दाखल झाल्या. न्यायमूर्ती सिकरी, शेलाट, भार्गव, मित्तर आणि वैद्यलिंगम यांच्यापुढे त्या एकत्र चालल्या. सरन्यायाधीश हिदायतुल्ला त्या पीठावर नव्हते. पण याचिकांचा सगळा भर मोजणीवर नव्हता. एक बाजू नामनिर्देशनपत्रांच्या छाननीची होती: कोणाचा अर्ज चुकीने स्वीकारला, कोणाचा चुकीने फेटाळला. खरी धार होती ती एका निनावी पत्रकाला. रेड्डींच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे हे पत्रक मतदानाआधीच्या दिवसांत संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये वाटले गेले, टपालाने मतदारांकडे गेले, आणि हे सगळे गिरींच्या समर्थकांनी त्यांच्या संमतीने केले, असा आरोप होता. कायद्यात ‘अनुचित दडपण’ हा निवडणूक रद्द करण्याजोगा गुन्हा आहे. पण कोणाची बदनामी करणे म्हणजे मतदारावर दडपण आणणे होते का, यावर दोन्ही बाजूंनी खूप कीस पडला.

खासदार आणि मंत्री साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आले. लाला जगत नारायण या साक्षीदाराच्या बोलण्याची ध्वनिफीत याचिकाकर्त्यांनी पुढे केली. ती पुरावा म्हणून चालेल का, यावर वेगळा वाद झाला. आधीच्या बोलण्याशी साक्ष जुळत नाही हे दाखवायला फीत वापरता येईल, असे न्यायालयाने ठरवले. भारतातल्या पुराव्याच्या कायद्यावर लिहिणाऱ्यांना तो निकाल अजून लागतो. मग आणखी एक गोष्ट घडली. पदावरच्या राष्ट्रपतींची साक्ष त्यांच्या निवासस्थानी जाऊन घेता आली असती; गिरींनी स्वतः न्यायालयात येणे पसंत केले. त्यांना खुर्ची देण्यात आली, शपथ घेऊन त्यांनी साक्ष दिली आणि उलटतपासणीलाही तोंड दिले.

११ मे १९७० रोजी चारही याचिका फेटाळल्या गेल्या. सविस्तर कारणे १४ सप्टेंबरला आली. पत्रक सेंट्रल हॉलमध्ये फिरले हे न्यायालयाला पटले. ते गिरींनी किंवा त्यांच्या संगनमताने फिरवले हे सिद्ध झाले नाही. त्या १०,८३३ कोऱ्या पसंत्यांकडे कोणी पुन्हा वळून पाहिले नाही.

याचे कारण फेरमोजणीबद्दल भारतीय न्यायालयांनी आधीच आखलेल्या रेषेत आहे. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीतल्या बाराबंकीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये निकाल दिला. रामसेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किडवई असे त्या खटल्याचे नाव. हरलेल्या उमेदवाराने ‘मोजणी चुकली असावी’ एवढे म्हणून मतपेट्या उघडता येत नाहीत. नेमके काय, कुठे, किती चुकले याचा ठोस तपशील आणि प्रथमदर्शनी पुरावा हवा. मतदानाची गुप्तता राखायची, तर मतपत्रिका शंकेखातर उलगडायच्या नाहीत, हे त्यामागचे तत्त्व. पुढे राजस्थानात २००८ मध्ये नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी अवघ्या एका मताने हरले तेव्हाही आधी कायद्याची कलमे लढवावी लागली, मतपत्रिका नंतर.

अमेरिकेतली रीत याच्या नेमकी उलट. तिथे अध्यक्ष ठरायच्या आतच फेरमोजणीची लढाई सुरू होते. नोव्हेंबर २००० मध्ये फ्लोरिडात सुमारे साठ लाख मते पडली होती आणि जॉर्ज बुश यांची अधिकृत आघाडी राहिली ५३७ मतांची. कार्डाला भोक पाडून मत द्यायचे. भोक पुरते पडले नसेल तर कागदाचा तुकडा लोंबकळत राही, आणि तो मत धरायचा की नाही यावर अधिकारी भिंग लावून बसले. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबरला राज्यभर हातमोजणीचा हुकूम दिला, दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला आणि १२ डिसेंबरला पाच विरुद्ध चार मतांनी मोजणी कायमची बंद झाली. मतदानापासून पस्तीस दिवस देश अध्यक्षाविना नव्हे, पण अध्यक्ष कोण याच्या उत्तराविना होता. अलीकडे काही देशांत न्यायालयांनी याहून पुढे मजल मारली. ऑस्ट्रियाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये, केनियाच्या २०१७ मध्ये आणि मलावीच्या २०२० मध्ये अध्यक्षांची निवडणूक रद्द करून पुन्हा मतदान घ्यायला लावले.

भारतात तसे एकदाही घडलेले नाही. उलट प्रत्येक दाव्यानंतर दार थोडे आणखी अरुंद होत गेले. १९६९ मध्ये पंधरा उमेदवार आणि त्यांतल्या पाचांना शून्य मते, हे पाहून संसदेने १९७४ मध्ये कायदा बदलला: अर्जाला दहा सूचक आणि दहा अनुमोदक हवेत, अडीच हजारांची अनामत हवी, आणि याचिकेसाठी दहाऐवजी वीस मतदार हवेत. १९७५ मध्ये आणीबाणीत ३९व्या दुरुस्तीने राष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्या निवडणुकीचे वाद न्यायालयांच्या हातून काढूनच घेतले. ४४व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींचा भाग पुन्हा घटनेत होता तसा आणला.

१९६९ मध्ये हरलेले रेड्डी १९७७ मध्ये बिनविरोध निवडून आले. ३७ अर्ज आले होते, ३६ बाद झाले, मोजायला मतच उरले नाही. चरणलाल साहू या वकिलांनी त्याला आव्हान दिले, तेव्हा न्यायालयाने विचारलेला प्रश्न खऱ्यांनाही विचारलेला होता: तुम्ही उमेदवार आहात का? पुरेसे सूचक-अनुमोदक नसल्यामुळे साहूंचा अर्ज वैध नव्हता. म्हणून ते उमेदवार नव्हते. म्हणून याचिकाही नव्हती. १९८२ मध्ये ग्यानी झैलसिंग यांच्या निवडीविरुद्ध साहू पुन्हा आले आणि सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठानेही त्यांना परत पाठवले. १९९७ मध्ये सूचक आणि अनुमोदक प्रत्येकी पन्नास झाले, अनामत पंधरा हजारांवर गेली. त्या वेळेपर्यंत हिदायतुल्ला उपराष्ट्रपती होऊनही गेले होते. १९७९ मध्ये ते बिनविरोध निवडून आले आणि पुढची तीन वर्षे रेड्डी राष्ट्रपती, हिदायतुल्ला उपराष्ट्रपती अशी जोडी होती.

संगमांना २०१२ मध्ये हा उंबरा अडवू शकत नव्हता. ते रीतसर उमेदवार होते. त्यांचे म्हणणे मोजणीबद्दल नव्हते. अर्ज भरताना मुखर्जी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते, म्हणजे लाभाचे पद धारण करीत होते, आणि त्या पदाचा राजीनामा खरा नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पाच न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला तो एवढाच, की याचिकेची रीतसर सुनावणी घ्यायची की नाही. सरन्यायाधीश अल्तमस कबीर, सदाशिवम आणि निज्जर यांनी ५ डिसेंबरला ती दाराशीच फेटाळली. न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि रंजन गोगोई यांचे मत वेगळे पडले: आरोप गंभीर आहेत, साक्षीपुरावा होऊ द्या. तीन विरुद्ध दोन असा तो निकाल. मुखर्जींनी २०१७ पर्यंतची मुदत पुरी केली, संगमा मार्च २०१६ मध्ये वारले आणि गोगोई २०१८ मध्ये सरन्यायाधीश झाले. आपल्या निवडीच्या खटल्यात शपथेवर उलटतपासणी दिलेले राष्ट्रपती मात्र गिरी हे एकटेच राहिले.